नग क्रमांक तीन

३ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

पेन्सिलचा मेसेज. चौदा महिन्यांनी. ‘तुला वेबसाइट करता येते ना?’ पाच शब्द. पाचही मला उद्देशून.

ठराव : लगेच उत्तर द्यायचं नाही. किमान चोवीस तास जाऊ द्यायचे. माणसाने स्वतःचा आब राखला पाहिजे.

११.२४

‘हो’ म्हणून कळवलं. सोबत मी केलेल्या तीन वेबसाइटच्या लिंक. त्यातल्या दोन आता उघडत नाहीत, पण मी या धंद्यात आजचा नाही हे त्यावरून कळतंच.

४ फेब्रुवारी

वर्गात ती माझ्या पुढच्या टेबलावर बसायची. ड्रॉइंग करता करता केसांचा अंबाडा घालायची, त्यात पेन्सिल खोचायची आणि मग अर्धा तास तीच पेन्सिल टेबलाखाली शोधायची. मी कधी सांगितलं नाही. तेवढा अर्धा तास हक्काने बघता यायचं.

मी कॉलेज सोडून निघालो तेव्हा वर्गातल्या कुणीही अडवलं नाही. तिनेही नाही. पण ती तेव्हा टेबलाखाली होती, तिला दिसलंच नसणार.

(कॉलेज मी सोडलं. हजेरी एक्केचाळीस टक्के होती आणि परीक्षेला बसू देणार नव्हते, ती गोष्ट वेगळी. माझ्या मॉडेलचं छप्पर एचओडींच्या हातात आलं आणि ते भर वर्गात म्हणाले, हे घर आहे की बिस्किटाचा डबा? मी उरलेला डबा त्यांच्या टेबलावर आपटला आणि बाहेर पडलो. पुन्हा त्या इमारतीत पाऊल ठेवणार नाही अशी शपथ घेतली. अजून पाळली आहे.)

६ फेब्रुवारी

शपथेमुळे फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर भेटलो. ती एकटी येईल असं धरून चाललो होतो. बरोबर मफलर, वर्गातलाच, सगळे याला असंच म्हणतात. उन्हाळा तोंडावर आला तरी हा गळ्यात मफलर गुंडाळून फिरतो. त्याचा थीसिस वेगळा, विषय वेगळा, मग हा इथे कशाला? म्हणे ड्रॉइंगना मदत करतोय.

तिचा थीसिस के-२७वर आहे. जगातली सगळ्यात गाजलेली खुर्ची. एकच स्टीलची नळी वाकवून केलेली, मागचे दोन पाय नाहीतच, बसायला आणि टेकायला वेताची जाळी. माणूस बसला की हवेत बसल्यासारखा दिसतो. थीसिसबरोबर त्या खुर्चीची एक वेबसाइट द्यायची आहे. ज्यूरी, म्हणजे परीक्षकांसमोरचं सादरीकरण, २८ मार्चला. बाहेरच्या परीक्षक बाई येणार, त्या कडक आहेत, आधी वेबसाइट बघून येतात.

पेन्सिल म्हणाली, साधीच कर रे. इतिहास, ड्रॉइंग्ज, फोटो, संपर्क. वर मेन्यू. बस. यात नापास झाले तर सहा महिने गेले, आणि माझी नोकरी पण गेली, त्यांनी एक जुलैपर्यंतच जागा धरून ठेवलीय.

मी म्हणालो, तू माझ्यावर सोड.

मफलर म्हणाला, भाई, आम्ही सगळं तुझ्यावरच सोडलंय. ‘आम्ही’ या शब्दाने डोक्यात तिडीक गेली. चहा तसाच टाकून उठलो. मग परत गेलो, कारण हेल्मेट राहिलं होतं.

७ फेब्रुवारी

ठराव.
१. तिला आपणहून मेसेज करायचा नाही.
२. वेबसाइट दहा दिवसांत पुरी.
३. २८ मार्चला ज्यूरी संपली की तिला सांगून टाकायचं. तिच्यासाठी मी आगीत उडी घेईन, हे तिला एकदा कळलं पाहिजे.

१४ फेब्रुवारी

फॉन्ट निवडण्यात आठवडा गेला. लोकांना वाटतं फॉन्ट म्हणजे काय, अक्षरंच ना! शेवटी कॉम्प्युटरमध्ये आधीपासून होता तोच घेतला. पण आता तो निवडलेला आहे.

मुख्य गोष्ट : तत्त्व सापडलं. के-२७ करणाऱ्याने काय केलं? मागचे पाय काढून टाकले. अनावश्यक ते काढा. तर मी वेबसाइटचे मागचे पाय काढणार. मेन्यू काढला. ‘मागे जा’ बटण काढलं. ज्याला पुढे जायचंय तो मागे कशाला जाईल?

तिला मेसेज करून कळवलं. (हा कामाचा मेसेज. ठरावात धरायचा नाही.)

१७ फेब्रुवारी, दुपारी

नीट लिहितो.

आई म्हणाली, बाबांचा डबा दुकानात नेऊन दे. बाबांचं केस कापायचं दुकान आहे. मी तिथे शक्यतो जात नाही. दुकानातलं काहीही डोक्यात राहू द्यायचं नाही असं मी दहावीतच ठरवलं होतं आणि ते कटाक्षाने पाळलंय. त्यात मी कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी फक्त आरशातून बोलतात. गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा, नजर आरशात, आणि आरशातल्या मला प्रश्न : काय ठरवलंस? वस्तरा हातात असलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, नाहीतर मी ऐकून घेतलं नसतं.

तर डबा घेऊन वाट बघत बसलो. तीन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कोपऱ्यात ती जुनी, रेक्झिनची गादी बांधलेली. तिच्यावर बसलो. बसल्या बसल्या झुललो.

खाली वाकून बघितलं. मागचे पाय नाहीत. गादी उचलली. खाली वेत, मधोमध फाटलेला. स्टीलची एकच नळी.

के-२७! माझ्या बापाच्या दुकानात! लोक हिच्यावर बसून मागच्या आठवड्याचे पेपर वाचतात!

१९ फेब्रुवारी

वेत विणणाऱ्या काकांना बोलावलं. त्यांनी वेत बादलीत भिजत घातला आणि म्हणाले, तासभर मुरू दे, मग सहा फेऱ्या, घाई केली तर तुटतो. मी म्हणालो, काका, ही साधी खुर्ची नाही. ते म्हणाले, माहितीय की, ही माझ्या जुन्या ओळखीची आहे. त्यांना काय कळणार!

मग त्यांनी खुर्ची उलटी केली आणि मला ती दिसली. चौकटीच्या खालच्या बाजूला, दोन स्क्रूंनी बसवलेली, काळी पडलेली, पितळेची गोल चकती. त्यावर कोरलेला आकडा : ३.

काका म्हणाले, अरे हे तर मीच... मी ओरडलो, हात लावू नका! त्यांच्या हातातला वेत खाली पडला. म्हणाले, बरं बाबा. नंतर चकार शब्द बोलले नाहीत. कारागिराला धाक असला की काम नीट होतं.

२० फेब्रुवारी

इंटरनेटवर शोधलं. एका ठिकाणी (कॉमेंटमध्ये, पण सविस्तर) लिहिलंय की कारखान्यात जाण्याआधी के-२७चे दहा नग हाताने बनवले होते. त्यातल्या सातांचा पत्ता आहे. तीन गायब. गायब नगांचे क्रमांक दिलेले नाहीत. म्हणजे तिसरा गायब नाही, असं कुणीही छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

सिद्ध झालं.

संध्याकाळी ६.०५

तिला फोटो पाठवला. तिने फोन केला. मेसेज नाही, फोन! दोन मिनिटं चाळीस सेकंद. म्हणाली, खरंच? खात्री केलीस? मी म्हणालो, शंभर टक्के. म्हणाली, वडिलांना विचारलंस का, ती दुकानात कुठून आली? मी म्हणालो, हो, विचारलं.

उद्या विचारणारच आहे. त्यामुळे हे खोटं नव्हे, फक्त एक दिवस आधी बोललेलं खरं आहे.

ती म्हणाली, तू ग्रेट आहेस. हे वाक्य फोनवर होतं, त्यामुळे ठेवता आलं नाही. इथे लिहून ठेवतो : तू ग्रेट आहेस.

२१ फेब्रुवारी

बाबांना विचारायला गेलो. मी तोंड उघडायच्या आत आरशातून म्हणाले, केस किती वाढलेत बघ, बस, कापून देतो. भर गिऱ्हाइकांत! तडक निघून आलो. आता हे विचारणं त्यांच्यामुळे राहिलं.

२ मार्च

वेबसाइटचा प्राण म्हणजे फिरणारी खुर्ची. बोटाने सरकवली की गोल फिरते. त्यासाठी बहात्तर फोटो, दर पाच अंशांना एक. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी जमिनीवर खडूने वर्तुळ आखलं, कोनमापकाने खुणा केल्या. तीस फोटो झाले आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली. उरलेले चालू दुकानात काढावे लागले. खडू पुसला गेला तो तीनदा पुन्हा आखला. गिऱ्हाइकं म्हणतात, बसू का नको? मी म्हणतो, थांबा, दोनशे पंधरा अंश चालू आहेत.

बाबा आरशातून म्हणाले, लोकांना उभं ठेवून खुर्चीचे फोटो काढणारा पहिला तूच.

७ मार्च

खुर्ची फिरते. दीडशे अंशांपर्यंत स्वच्छ. नंतर तिच्यावर टॉवेल येतो. एकशे नव्वदला कुणाचा तरी कोपर. अडीचशेला जमिनीवर केस. तीनशेला बाबांच्या चपला. शेवटी पुन्हा एकदम स्वच्छ.

मफलर म्हणाला, भाई, हे परत काढावं लागेल. याला जिवंतपणा म्हणतात हे त्याला कोण सांगणार!

१० मार्च

होमपेजवर उलटं घड्याळ लावलं होतं : वेबसाइट सुरू व्हायला इतके दिवस, इतके तास. लावण्यातच चार दिवस गेले होते, इतकं देखणं होतं. काल शून्यावर आलं. वेबसाइट तयार नव्हती. मला वाटलं थांबेल. थांबलं नाही. आता ते वजा एक दिवस, वजा तीन तास असं पुढे चाललंय. बंद कसं करायचं ते सापडत नाही.

१३ मार्च

मफलरने दुरुस्त्यांची यादी पाठवली. सतरा कलमं. मेन्यू कुठे आहे. मागे कसं जायचं. वजा चार दिवस म्हणजे काय. खाली लिहिलंय, ‘पेन्सिलला विचारून पाठवतोय.’

म्हणजे मी ठेवलेलं नाव तोही वापरतो! ते मी ठेवलं होतं. मनात ठेवलं होतं, पण मीच.

वेबसाइटमधून त्याचं लॉगिन काढून टाकलं. आता एक अक्षरही माझ्याशिवाय बदलणार नाही.

१९ मार्च

होमपेज पुरं. काळी पार्श्वभूमी. मधोमध खुर्ची. खाली एकच ओळ :

‘के-२७. नग क्रमांक तीन. शंभर वर्षं हरवलेला. तो इथे आहे.’

वाचून माझ्याच अंगावर काटा आला. आईला दाखवलं. आई म्हणाली, छान आहे, पण ही आपल्या दुकानातली ना? तिची गादी कुठाय? लोकांना टोचेल.

२४ मार्च, सकाळी

पेन्सिलचा मेसेज : ‘नग क्रमांक तीन “असावा” असं कर ना प्लीज. बाईंनी लिंक बघितली, त्यांना खुर्ची प्रत्यक्ष बघायचीय. खात्रीचा कागद नाहीये आपल्याकडे. मला फार भीती वाटतेय.’

‘आपल्याकडे’ म्हणाली. ‘आपल्याकडे’!

दुपारी

उत्तर पाठवलं : ‘जिथे विश्वास असतो तिथे “असावा” नसतो.’ हे वरवर खुर्चीबद्दल आहे, पण तिला कळेल.

दुपारी ३.१०

तिचं उत्तर : ‘अरे मी सीरियसली सांगतेय. नाहीतर मफलरला लॉगिन दे, तो करेल.’

या वाक्यानंतर तो शब्द बदलणं शक्यच नव्हतं. स्वाभिमान म्हणून काही आहे की नाही? फोन बंद करून ठेवला. तिचे चार मिस्ड कॉल नंतर दिसले. चार! फेब्रुवारीत पाच शब्दांसाठी तडफडत होतो.

२७ मार्च

बाबांना सांगितलं, उद्या खुर्ची कॉलेजात न्यायचीय. आरशातून म्हणाले, चारपर्यंत परत पाहिजे, चारनंतर गर्दी असते. मग थोड्या वेळाने म्हणाले, मीच घेऊन येतो, तुझ्यावर सोडली तर राहील तिथेच. मी नको म्हणत होतो. आई म्हणाली, येऊ दे रे, तुझ्या ॲडमिशनच्या दिवशी गेले होते ते शेवटचे.

उद्याची रंगीत तालीम केली. ज्यूरीत कुणी तिला उलटसुलट विचारलं तर मी उठणार. शांत आवाजात म्हणणार : जे विचारायचं ते मला विचारा. आरशासमोर सहा वेळा म्हटलं. सहाव्यांदा फार चांगलं झालं.

२८ मार्च, संध्याकाळी ५.३०

जे झालं ते असं.

शपथ मोडलेली नाही. शपथ कॉलेजच्या इमारतीची होती, ज्यूरी हॉलमध्ये होती. हॉलला वेगळं दार आहे.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. खुर्ची खांद्यावर. एचओडींना बघून त्यांनी खुर्ची खाली ठेवली आणि नमस्कार केला. एचओडींनीही केला. दोघांनी माझ्याकडे बघितलं नाही.

सुरुवात उत्तम झाली. पेन्सिल बोलायला उभी राहिली. निळा कुडता. अंबाड्यात पेन्सिल. पडद्यावर माझी वेबसाइट. कोपऱ्यात वजा एकोणीस दिवस. परीक्षक बाईंनी विचारलं, हे वजा काय आहे? पेन्सिल म्हणाली, काळाची संकल्पना. काय हजरजबाबी मुलगी! मग बाई म्हणाल्या, ड्रॉइंग्ज दाखव. तिने बोटाने सरकवलं तर खुर्ची फिरली, टॉवेल आला, कोपर आला, बाबांच्या चपला आल्या. ड्रॉइंग्ज सापडेनात. मागे जाता येईना. मफलरने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला.

बाई म्हणाल्या, राहू दे, खरी खुर्चीच बघू. पांढरे हातमोजे घातले. खुर्ची हळूच आडवी केली. चकतीवर बॅटरीचा उजेड पाडून बाई म्हणाल्या, हं, हा आकडा नंतर बसवलेला दिसतो.

आणि मागून बाबा म्हणाले, अरेच्चा! हा इथं होय? आठ वर्षं शोधतोय मी हा!

बाई म्हणाल्या, आपण?

बाबा पुढे आले. गिऱ्हाइकाशी बोलतात तसे, मोकळेपणाने सांगायला लागले. म्हणाले, त्याचं काय आहे मॅडम, पूर्वी माझ्याकडे गर्दी फार. कोण आधी आलं यावरून रोज भांडणं. एकदा तर अर्धी दाढी झालेला माणूस उठून मारामारीला गेला. मग मी चार खुर्च्यांना चार बिल्ले मारले. एक, दोन, तीन, चार. एक नंबरचा उठला की सगळ्यांनी एकेक खुर्ची पुढे सरकायचं. आलेल्याने चारवर बसायचं. भांडण खलास! ही तीन नंबरची. एका ऑफिसचं सामान निघालं होतं त्यात मिळाली. बिल्ला पुढच्या दांडीवर होता, वेतवाल्याने विणताना आड येतो म्हणून खाली मारला असणार, आणि मला मेल्याने सांगितलं नाही.

मग माझ्याकडे हात करून म्हणाले, आणि हा एवढासा होता तेव्हा दारात उभा राहून ओरडायचा, तीन नंबर, सरका पुढे! काय खणखणीत आवाज होता याचा!

सगळा हॉल हसला. एचओडीसुद्धा. बाबाही हसले, त्यांना वाटलं कौतुकाने हसतायत.

बाई हसल्या नाहीत. हातमोजे काढले. पेन्सिलला विचारलं, नग क्रमांक तीन, शंभर वर्षं हरवलेला, हे कशाच्या आधारावर? पेन्सिल वहीची पानं उलटायला लागली. बाई म्हणाल्या, हा मजकूर कुणी लिहिला?

पेन्सिलने माझ्याकडे बघितलं.

मी उठलो. ठरल्याप्रमाणे उठलो. आवाजही शांत होता.

म्हणालो, मी फक्त डेव्हलपर आहे. कंटेंट क्लायंटकडून येतं.

संध्याकाळी ६.१५

हे शब्दशः खरं आहे. जगातल्या कुठल्याही वेबसाइटवाल्याला विचारा, कंटेंट क्लायंटकडूनच येतं. विषय तिचा, थीसिस तिचा, खुर्चीवर वेबसाइट करायची कल्पना तिची. मी एक ओळ सुचवली फार तर. आणि समजा मी म्हटलं असतं की मी लिहिलं, तर बाई म्हणाल्या असत्या, मग तू काय केलंस, मुली? तिचंच नुकसान. म्हणजे मी तिला वाचवलं.

तिने अंबाड्यातली पेन्सिल काढली. न शोधता. वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली बसली.

येताना खुर्ची एका बाजूने बाबांनी धरली, एका बाजूने मी. दुकानाच्या दाराशी बाबा एवढंच म्हणाले, ती पोरगी तुझ्याकडे बघत होती रे.

म्हणजे बाबांच्याही लक्षात आलं! मी म्हणतच होतो, तिच्या मनात काहीतरी आहे.

३१ मार्च

निकाल. मफलर पास. पेन्सिलला पुन्हा सबमिशन, सहा महिन्यांनी.

तिला नऊ मेसेज केले. पहिले दोन धीर देणारे. मधले पाच समजावणारे. शेवटचे दोन जरा रागाचे, कारण माणूस किती सहन करणार? उत्तर नाही. दहावा पोचतच नाही. नेटवर्क खराब असावं.

४ एप्रिल

निषेध म्हणून वेबसाइट बंद केली. आता कळेल सगळ्यांना.

१० एप्रिल

अजून कुणाला कळलेलं नाही. होस्टिंग कंपनीचा मेल आला : आपली साइट बंद दिसते, आमची सेवा आवडली नाही का? सविस्तर उत्तर लिहिलं. अख्खी हकीकत. त्यांचं उत्तर आलं : आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

चला, कुणालातरी आहे.

१८ एप्रिल

बाबा आरशातूनही बोलत नाहीत. आरशात मी दिसलो की नजर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. खुर्चीला गादी पुन्हा बांधली नाही. मात्र चकती खालून काढून पुढच्या दांडीवर मारली आहे. गल्ल्याच्या खालून बाकीच्या तीनही काढल्या. एक, दोन आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्यांना दोरीने लटकवल्यात.

मी तसा दुकानात बसत नाही. घरी इंटरनेट नीट चालत नाही म्हणून दुपारी इथे येतो.

२५ एप्रिल, दुपारी ४.४०

आली! पेन्सिल दुकानात आली!

मी काचेतून तिला रस्ता ओलांडताना बघितलं. पटकन पाण्याचा फवारा मारून केस बसवले. काय बोलायचं ते ठरवलं : आधी तिला बोलू द्यायचं, मग मोठ्या मनाने म्हणायचं, जाऊ दे, झालं गेलं.

ती आत आली आणि म्हणाली, काका, वेळ आहे का?

बाबांना म्हणाली.

परीक्षक बाईंनी तिला नंतर बोलावून सांगितलं म्हणे की अगं, तुझ्या थीसिसमधली एकमेव खरी गोष्ट त्या गृहस्थांनी सांगितली. गाजलेली खुर्ची सगळ्यांना ठाऊक आहे, ती एका दुकानात येऊन काय झाली, ते कर. म्हणून आता विषय : चार खुर्च्या आणि चार बिल्ले. नोकरीवाल्यांनीही ऑक्टोबरपर्यंत थांबायचं कबूल केलंय.

बाबांनी कात्री खाली ठेवली. गिऱ्हाईक अर्धं कापलेलं. आरशाकडे पाठ केली आणि तिच्याकडे तोंड करून, हात हलवत, तासभर बोलले. माझ्याशी असे कधी बोलले होते ते आठवून बघितलं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मी दारात उभा राहून ओरडायचो तेव्हा.

हे आता आठवतंय याचा अर्थ चकती दिसली तेव्हाही आठवत होतं, असा होत नाही.

वेतवाले काकाही आले. पेन्सिलने विचारलं, काका, बिल्ला तुम्ही हलवलात? ते म्हणाले, हो की, मी सांगणार होतो त्या दिवशी, पण हे साहेब माझ्यावर वसकन ओरडले. तिने ते लिहून घेतलं. शब्दशः. ‘वसकन’सुद्धा.

जाताना ती माझ्याकडे वळली. पहिल्यांदाच. म्हणाली, एक मिनिट तीन नंबरवर बसशील? फोटो काढायचाय.

दुकानात आणखी दोन माणसं बसली होती. तिने मला निवडलं. मी बसलो, ताठ, जरा डावीकडे बघत. म्हणाली, चेहरा नकोय, नुसता बस. खुर्ची केवढी आहे ते कळायला माणूस लागतो.

३ जून, दुपारी

तिची नवी वेबसाइट सुरू झाली, दुकानात बसून बघितली. मफलरने केली. मेन्यू आहे. ‘मागे जा’ बटण आहे. एका सेकंदात उघडते. अगदीच मागचे पाय असलेली वेबसाइट. खाली आभार : काका, वेत विणणारे काका, परीक्षक बाई. बाबांचा फोटो आहे, वस्तरा हातात, आणि या फोटोत ते आरशात नाही, समोर बघतायत.

‘खुर्ची क्रमांक तीन’ उघडलं. एक फोटो. रिकामी खुर्ची.

मला काढून टाकलंय.

मोठा करून बघितला. फरशीवर सावली राहिली आहे. खुर्चीची, आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाची. माणूस नाही, सावली आहे. ही ढोबळ चूक आहे. असं काम मी केलं असतं तर यांनी सतरा कलमांची यादी पाठवली असती. लगेच मेल लिहायला घेतला. विषय : सावलीबाबत. लिहिलं की सावली ज्याची आहे तो माणूस कोण, हे बघणाऱ्याला कळायला नको का? दोन पानं झाली. तिला थेट पाठवायचा की मफलरमार्फत, हे ठरवत होतो.

तेवढ्यात बाबा माझ्याशी बोलले. अठ्ठावीस मार्चनंतर पहिल्यांदा. आरशातून, गिऱ्हाइकाच्या मानेवरची नजर न काढता.

म्हणाले, तीन नंबर, ऊठ. माणूस आलाय.

उठलो.